विषाचा अभ्यास कोणी करायचा?

परभणीहून जिंतूरकडे निघालं की झरी मागे पडल्यावर बोरी येतं. खरिपात रस्त्याच्या दोन्ही अंगांना कापूस आणि सोयाबीन, मधूनमधून तुरीचे तास. अशा गावातला एखादा हुशार मुलगा प्राणिशास्त्रात एम.एस्सी. करतो, पीएच.डी.साठी कीटकनाशकांचा उंदरांच्या वृषणांवर काय परिणाम होतो ते तपासतो, त्या जोरावर परदेशात पोस्टडॉक मिळवतो आणि काही वर्षांनी कर्करोगाचं औषध नॅनोकणांत भरून गाठीपर्यंत पोचवणाऱ्या प्रयोगशाळेत स्थिरावतो. हे कोणा एकाचं चरित्र नाही. जननविषशास्त्रातून औषधवहनाकडे जाणारी ही वाट आता चांगली मळलेली आहे. असा मुलगा गावी आला की चौकात फ्लेक्स लागतो, शाळेत सत्कार होतो, शाल-श्रीफळ मिळतं. भाषणांत ‘कॅन्सरवर संशोधन’ हे शब्द पुन्हापुन्हा येतात. उंदरांच्या वृषणांचा उल्लेख मात्र कोणी करत नाही. व्यासपीठावर तो विषय काढायला संकोच वाटतो हे एक, आणि त्या कामातून निघालं काय, हे कोणी कधी विचारलेलंच नसतं हे दुसरं.

सत्काराबद्दल माझं काही म्हणणं नाही. म्हणणं आहे ते न विचारलेल्या प्रश्नाबद्दल. बोरीला या कारकिर्दीच्या उत्तरार्धापेक्षा पूर्वार्धाची गरज जास्त आहे, आणि तो पूर्वार्ध अर्ध्यावर सुटतो त्यात त्या मुलाचा दोष नाही. औषधाच्या संशोधनाला गिऱ्हाईक असतं, विषाच्या संशोधनाला नसतं. एवढं साधं आणि एवढं निर्दय ते कारण आहे.

वरवर पाहता ही दोन वेगवेगळी शास्त्रं वाटतात. प्रत्यक्षात प्रश्न एकच असतो: अमुक रसायन शरीरात शिरलं तर ते कोणत्या पेशीला, किती मात्रेत, किती काळ भिडतं? वृषणातल्या शुक्रजनक पेशी आणि कर्करोगाच्या पेशी यांच्यात एक गैरसोयीचं साम्य आहे. दोन्ही सतत विभागत असतात. विभागणाऱ्या पेशींवर घाव घालणारं रसायन दोघींनाही सोडत नाही. निसर्गाने वृषणात सर्टोली पेशींची एक भिंत उभी केली आहे. रक्तातलं बरंचसं काही ती आत जाऊ देत नाही. पण सगळ्यात आधीच्या मूळ पेशी भिंतीच्या बाहेरच्या बाजूला असतात, आणि मुळावरच घाव बसला तर भिंतीचा उपयोग काय? माणसात एक शुक्राणू तयार व्हायला साधारण ७४ दिवस लागतात. आज शरीरात गेलेल्या विषाचा हिशेब म्हणून अडीच महिन्यांनी लागतो. तोवर कोणाला काही आठवत नाही.

कर्करोगाच्या औषधांचा इतिहासही विषातूनच सुरू होतो. पहिल्या महायुद्धात मस्टर्ड वायू लागलेल्या सैनिकांच्या रक्तातल्या पांढऱ्या पेशी नाहीशा होतात, असं १९१९मध्येच नोंदलं गेलं होतं. १९४२मध्ये येल विद्यापीठात गिलमन आणि गुडमन यांच्या संशोधनातून नायट्रोजन मस्टर्ड हे त्याच जातीचं रसायन लिम्फोमाच्या रुग्णाला दिलं गेलं आणि गाठी विरघळल्या. स्तनाच्या कर्करोगात आजही दिलं जाणारं सायक्लोफॉस्फामाइड त्याच कुळातलं. थॅलिडोमाइडची कथा याहून विलक्षण. १९५७मध्ये पश्चिम जर्मनीत ते झोपेचं निर्धोक औषध म्हणून बाजारात आलं. गरोदर बायकांनी ते घेतलं आणि जगभरात दहा हजारांच्या आसपास मुलं खुंटलेल्या हातापायांची जन्मली. १९६१च्या नोव्हेंबरात ते जर्मन बाजारातून मागे घेतलं गेलं. उंदरांच्या पिल्लांत हे व्यंग सहसा दिसत नाही; सशांवर तपासलं असतं तर दिसलं असतं. १९९४मध्ये बोस्टनला ज्युडा फोकमन यांच्या प्रयोगशाळेत रॉबर्ट दामातो यांनी दाखवलं की हे रसायन नव्या रक्तवाहिन्या फुटू देत नाही. गाठीलाही वाढण्यासाठी नव्या रक्तवाहिन्या लागतातच. २००६मध्ये अमेरिकेत मल्टिपल मायलोमा या कर्करोगावर त्याला मान्यता मिळाली. गर्भाला विष ठरलेलं रसायन कर्करोगाचं औषध झालं, आणि त्या वाटेवरचे कितीतरी प्रश्न गर्भ बिघडताना पाहणाऱ्यांनी आधी विचारून ठेवलेले होते.

मुंबईत परळला हे नातं पायी चालत पाहता येतं. टाटा मेमोरियल रुग्णालय आणि प्रजनन स्वास्थ्यावरची राष्ट्रीय संशोधन संस्था यांच्यात फार अंतर नाही. त्या संस्थेचं मूळ पन्नाशीच्या दशकातल्या गर्भनिरोधक चाचणी केंद्रात आहे, आणि ते केंद्र भारतीय कर्करोग संशोधन केंद्राच्या आसऱ्याने वाढलं. कर्करोग केंद्राचे संस्थापक डॉ. वसंत खानोलकर. धोतराची गाठ कमरेला घट्ट बांधल्याने वर्षानुवर्षं घासलेल्या कातडीचा कर्करोग होतो, हे त्यांनी आपल्याच माणसांचं नेसणं निरखून मांडलं. त्यांच्या विद्यार्थिनी डॉ. कमल रणदिवे, पूर्वाश्रमीच्या पुण्याच्या समर्थ. हुजूरपागा आणि फर्ग्युसनमधून त्या मुंबईला गेल्या, १९४९मध्ये पीएच.डी. झाल्या, बाल्टिमोरला जॉर्ज गाय यांच्याकडे पेशीसंवर्धन शिकल्या आणि परत येऊन मुंबईत पेशीसंवर्धनाची प्रयोगशाळा उभी केली. उंदरांच्या स्तनाच्या कर्करोगात संप्रेरकं आणि विषाणू यांचं साटंलोटं काय, हा त्यांचा विषय. १९८२मध्ये पद्मभूषण मिळालं. मला मात्र त्यांच्या आयुष्याचा पुढचा भाग मोठा वाटतो. अकोले तालुक्यातल्या आदिवासी मुलांच्या पोषणाचा अभ्यास त्यांनी हाती घेतला. ज्या बाईंना बाल्टिमोरला राहता आलं असतं, त्या अकोल्याच्या पाड्यांवर मुलांची वजनं-उंच्या बघत होत्या. त्यांना कोणी ‘गावाकडे परतलेली’ म्हणून गौरवलं असतं तर त्यांना ते रुचलं असतं असं वाटत नाही. त्यांच्या दृष्टीने ते संशोधनच होतं.

आता बोरीच्या शेतात येऊ. कपाशी ऑगस्ट-सप्टेंबरात छातीला लागते. पाठीवर पंप, अंगात भिजलेला सदरा, पायांत काही नाही, नोझल तुंबलं की तोंडाने फुंकायचं. पंपात एकच औषध क्वचित असतं. कृषी सेवा केंद्रवाल्याने सांगितलेली दोन कीटकनाशकं, एक बुरशीनाशक, वर टॉनिक. विहिरीवरून पाणी आणणं, औषध कालवणं ही कामं बऱ्याचदा बायकांकडे. पुढे वेचणीही त्यांच्याच हातांनी, पोटात तिसरा महिना असला तरी.

२०१७च्या पावसाळ्यात यवतमाळ जिल्ह्यात अशाच फवारणीने वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले, शेकडो रुग्णालयांत गेले. चौकशी झाली, हातमोजे-मुखपट्ट्या वाटल्या गेल्या. पण आपण मोजले ते मेलेले आणि बेशुद्ध पडलेले. ज्यांना फक्त दोन दिवस मळमळलं आणि जे पुन्हा शेतात गेले, त्यांच्या शुक्राणूंचं काय झालं, त्यांच्या बायकांच्या गर्भांचं काय झालं, हे कोणाच्या नोंदीत नाही. वंध्यत्व दुखत नाही. ते रांगेत उभं राहून केसपेपर काढत नाही. आणि आपल्याकडे मूल होत नाही म्हटलं की तपासणी बाईची, उपास बाईचे, देवऋषीकडे चकरा बाईच्या. पुरुषाची तपासणी सगळ्यात शेवटी, तीही झालीच तर. विषाचा परिणाम नवऱ्याच्या शरीरात असेल आणि त्याची शिक्षा बायको भोगत असेल, तर हा प्रश्न निव्वळ रसायनाचा उरत नाही.

हे भय काल्पनिक नाही. डीबीसीपी नावाचं सूत्रकृमींवरचं औषध अमेरिकेत वर्षानुवर्षं विकलं गेलं. १९७७मध्ये कॅलिफोर्नियात लॅथ्रॉप इथल्या कारखान्यातल्या कामगारांच्या आपापसातल्या बोलण्यातून लक्षात आलं की आपल्यापैकी कोणाच्याच घरी अलीकडे पाळणा हललेला नाही. तपासण्या झाल्या. अनेकांच्या वीर्यात शुक्राणू जवळजवळ नव्हतेच. या कथेतली खरी बोचणारी गोष्ट पुढे आहे. या रसायनाने उंदरांचे वृषण आक्रसतात, हे उत्पादक कंपन्यांच्याच शास्त्रज्ञांनी १९६१मध्ये छापून प्रसिद्ध केलं होतं. ज्ञान सोळा वर्षं ग्रंथालयात बसून होतं. उंदरापासून कामगारापर्यंतचा रस्ता कोणी चालायचा, हे कोणाचंच काम नव्हतं. भारताने या औषधावर १९८९मध्ये बंदी घातली.

हा रस्ता आपल्याच देशात एकदा चालला गेलेला आहे. केरळात कासरगोड जिल्ह्यातल्या पाद्रे गावाभोवतीच्या काजूच्या बागांवर वीसहून अधिक वर्षं हेलिकॉप्टरने एंडोसल्फान फवारलं गेलं. अहमदाबादच्या राष्ट्रीय व्यावसायिक आरोग्य संस्थेच्या शास्त्रज्ञांनी तिथली ११७ शाळकरी मुलं आणि फवारणी नसलेल्या गावातली ९० मुलं तपासली. पाद्र्याच्या मुलांत वयात येण्याची लक्षणं उशिरा दिसत होती, संप्रेरकांचं प्रमाण बदललेलं होतं. २००३मध्ये हे प्रसिद्ध झालं. उद्योगाने त्यावर भरपूर आक्षेप घेतले, काही पद्धतीबद्दलचे होते आणि ते घ्यायलाही हवेत. पण प्रश्न विचारला गेला, आकडे समोर आले, आणि २०११मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एंडोसल्फानवर बंदी घातली तेव्हा कासरगोडच्या माणसांकडे दाखवायला काहीतरी होतं. यवतमाळच्या माणसांकडे मृत्यूचे दाखले होते.

मराठवाड्यातल्या प्राणिशास्त्र विभागांनी कीटकनाशकांवर काम केलं नाही असं नाही. पुष्कळ केलं. नद्या-तळ्यांतले मासे, शिंपले, खेकडे यांच्यावर. अमुक तीव्रतेला शहाण्णव तासांत निम्मे मासे मरतात, अशा निष्कर्षांचे प्रबंध कपाटांत रांगेने उभे आहेत. पूर्णेच्या खोऱ्यातल्या शिंपल्यांना काय सोसतं हे आपल्याला त्याच खोऱ्यातल्या फवारणीवाल्यापेक्षा अधिक नेमकं ठाऊक असावं, अशी माझी शंका आहे. यात मार्गदर्शकांची चूक शोधण्यात अर्थ नाही. मासा तळ्यातून आणता येतो. माणसाच्या अभ्यासाला नीतिसमितीची परवानगी लागते, डॉक्टर लागतात, पैसे लागतात, लोकांचा विश्वास लागतो, आणि यांतलं काहीही जिल्ह्याच्या महाविद्यालयात सहज मिळत नाही. तरुण संशोधक हे ओळखतो आणि जिथे हे सगळं आहे तिथे जातो.

तिथे जाऊन तो जे करतो ते खोटं किंवा फालतू नाही, हेही सांगायला हवं. डॉक्सोरुबिसिन हे कर्करोगावरचं हुकमी औषध, पण हृदयाला इजा करतं. ते शंभरेक नॅनोमीटरच्या मेदाच्या गोळ्यांत, म्हणजे लायपोसोममध्ये, भरून दिलं तर हृदय बरंचसं वाचतं. १९९५मध्ये अमेरिकेत त्याला मान्यता मिळाली. गाठीच्या रक्तवाहिन्या गळक्या असतात म्हणून असे कण तिथे साठतात, हे जपानमध्ये मात्सुमुरा आणि माएदा यांनी १९८६मध्ये मांडलं होतं आणि त्यावर एक अख्खं शास्त्र उभं राहिलं. मुंबईत केईएम रुग्णालयात डॉ. नीलिमा क्षीरसागर आणि सहकाऱ्यांनी अॅम्फोटेरिसिन हे बुरशीवरचं, मूत्रपिंडाला घातक औषध लायपोसोममध्ये घालून भारतीय रुग्णांसाठी आणलं. २०२१मध्ये म्युकरमायकोसिसच्या साथीत याच प्रकारच्या इंजेक्शनसाठी मराठवाड्यातले नातेवाईक दुकानोदुकानी फिरत होते. औषधवहनाचं मोल तेव्हा घराघरात कळलं.

पण या क्षेत्राचा गाजावाजा त्याच्या कमाईपेक्षा मोठा आहे. २०१६मध्ये टोरांटोच्या एका गटाने मागच्या दहा वर्षांतले प्राण्यांवरचे प्रयोग एकत्र करून हिशेब मांडला. टोचलेल्या नॅनोकणांपैकी गाठीपर्यंत पोचणाऱ्यांचं मध्यक प्रमाण निघालं ०.७ टक्के. उरलेलं बरंचसं यकृतात, प्लीहेत. आणि हृदयापासून दूर वळवलेलं डॉक्सोरुबिसिन काही रुग्णांत तळहात-तळपायांच्या कातडीत उतरतं. कातडी लाल होते, सोलते. ज्याचं पोट हातांवर आहे त्याला हा अदलाबदलीचा सौदा कसा वाटेल, हे प्रयोगशाळेत कळत नाही. शरीरातून विष हटवलं की ते दुसरीकडे कुठे जातं, हा प्रश्न पुन्हा विषशास्त्राचाच.

म्हणूनच मला परळमधली अलीकडची दोन कामं नॅनोकणांच्या ढिगाहून मोलाची वाटतात. टाटा रुग्णालयाचे डॉ. राजेंद्र बडवे आणि सहकाऱ्यांनी स्तनाच्या कर्करोगाच्या शस्त्रक्रियेआधी काही मिनिटं गाठीभोवती लिग्नोकेन टोचलं. हेच ते दात काढताना देतात ते भुलीचं औषध. सोळाशेच्या आसपास स्त्रियांवरचा हा अभ्यास २०२३मध्ये प्रसिद्ध झाला. पाच वर्षांनी जिवंत असणाऱ्यांचं प्रमाण ८६.४ टक्क्यांवरून ९०.१ टक्क्यांवर गेलं. औषध नेमक्या जागी पोचवायचं हेच इथेही केलं, साध्या सुईने. दुसरं काम तोंड-घशाच्या कर्करोगावरचं. निव्होलुमॅब या महागड्या औषधाचा परदेशी डोस परवडत नाही म्हणून डॉ. कुमार प्रभाश, डॉ. विजय पाटील यांच्या गटाने दर तीन आठवड्यांनी फक्त २० मिलिग्रॅम, म्हणजे नेहमीच्या मात्रेचा छोटासा अंश, कमी मात्रेच्या तोंडावाटे घ्यायच्या औषधांना जोडून दिला. एक वर्ष जगणाऱ्यांचं प्रमाण सोळा टक्क्यांवरून त्रेचाळीस टक्क्यांवर गेलं. किती मात्रा पुरते आणि किती मात्रेने मारलं जातं, हे विचारायची सवय ज्याला आहे त्यालाच असं सुचतं. ती सवय विषशास्त्र लावतं.

एक उदाहरण तर थेट तरुणांचं आहे. हॉजकिन लिम्फोमा विशी-तिशीत गाठतो. साठच्या दशकात त्यावर आलेल्या ‘मॉप’ या औषधगटाने माणसं वाचवली, पण त्यातल्या मस्टर्ड वगैरेंनी बहुतेक पुरुषांना कायमचं निर्बीज केलं. सत्तरच्या दशकात मिलानच्या बोनादोन्ना यांनी ‘एबीव्हीडी’ हा दुसरा औषधगट आणला. तो रोगाला तितकाच भारी पडला आणि बहुतेकांची प्रजननक्षमता परत येऊ लागली. नॅनोकण नाहीत, लायपोसोम नाहीत. औषधं बदलली आणि वृषण वाचले, इतकंच. आज बोरीतल्या एखाद्या तरुणाला हा रोग झाला तर त्याचे लोक त्याला छत्रपती संभाजीनगरच्या शासकीय कर्करोग रुग्णालयात, बार्शीला किंवा परळला नेतील आणि तो बहुधा बरा होईल. केमो सुरू करण्याआधी वीर्य गोठवून ठेवता येतं, हे त्याला वेळेवर कोणी सांगेल का?

आता पैशाकडे. नव्या औषधवाहकाचं पेटंट घेता येतं, ते विकत घेणारी कंपनी असते. अमुक कीटकनाशकाने शुक्राणू घटतात, या शोधाचं पेटंट नसतं आणि तो विकत घ्यायला कोणी येत नाही, दाबायला मात्र येतात. १९६८च्या कीटकनाशक कायद्याखाली नोंदणी होताना प्रजननावरच्या परिणामांची माहिती मागितली जाते, पण ती देणारी विकणारी कंपनीच असते, आणि चाचणी एकेका रसायनाची. बोरीच्या पंपातल्या मिसळीची जबाबदारी कायद्यात कोणावर नाही. मे २०२०मध्ये केंद्राने २७ कीटकनाशकांवर बंदीचा मसुदा काढला. तीन वर्षांनी त्यातली मोजकीच बंदीपर्यंत पोचली. बाकीच्यांबद्दल पुरावा पुरेसा नाही असं म्हटलं जातं. ते खरंही असेल. उंदराला दिलेले मोठे डोस फवारणी करणाऱ्या माणसाला जसेच्या तसे लागू होत नाहीत, हे कोणताही प्रामाणिक विषशास्त्रज्ञ मान्य करील. पण पुरावा गोळा करायची सोय ठेवायची नाही आणि मग पुरावा नाही म्हणायचं, हा न्याय मला मान्य नाही.

परभणीत १९७२पासून कृषी विद्यापीठ आहे. आता सरकारी वैद्यकीय महाविद्यालयही सुरू झालं आहे. एक संस्था दहा लिटर पाण्यात किती मिलिलिटर औषध घालायचं ते सांगते, दुसरी तेच औषध पोटात गेलेल्याला अॅट्रोपिन टोचते. या दोघींनी मिळून करण्याजोगा अभ्यास अवघड नाही. बोरी आणि आसपासच्या गावांतले फवारणी करणारे स्वेच्छेने तयार झालेले पुरुष घ्यावेत. पहिल्या फवारणीआधी जूनमध्ये एक वीर्यतपासणी, फवारण्या संपून अडीच महिने होण्याच्या सुमारास दुसरी. प्रत्येकाची तुलना त्याच्याशीच, म्हणजे कोणाची तंबाखू आणि कोणाचं वय हा घोळ बराच कमी. पंपात काय मिसळलं याची वही ठेवायची. आशाताईंच्या नोंदींतून वेचणीला जाणाऱ्या गरोदर बायकांचे गर्भ टिकले की नाही ते पाहायचं. सूक्ष्मदर्शक, मोजणीची काच, रक्ताची साधी चाचणी आणि नावं गुप्त ठेवण्याची हमी. याला परदेश लागत नाही.

याला एक आक्षेप मात्र खरा आहे. असा अभ्यास झाला आणि काही वाईट निघालं तर ‘बोरीची पोरं’ म्हणून लग्नं मोडतील. कासरगोडच्या गावांनी अशी बदनामी सोसली आहे. म्हणून एका गावाचं नाव लावून अभ्यास करू नये, तालुक्यातल्या अनेक गावांचा मिळून करावा, आणि निकाल छापण्याआधी त्या गावांत वाचून दाखवावा. बदनामीच्या भीतीने मोजायचंच नाही, असं ठरवलं तर त्याची किंमत पुन्हा ती देवऋषीकडे चकरा मारणारी बाईच देईल.

परदेशात नाव काढलेल्या त्या शास्त्रज्ञाने नोकरी सोडून परत यावं असं मी म्हणणार नाही. त्याने अभ्यासाचा आराखडा तपासून द्यावा, एखाद्या विद्यार्थ्याला चार महिने आपल्याकडे ठेवून घ्यावं, आणि पुढच्या सत्कारात शाल घेण्याऐवजी उंदरांच्या वृषणांत आपल्याला काय दिसलं ते गावाला मराठीत सांगावं. बाकीचं काम ग्रामसभेचं. फवारणी करणाऱ्यांच्या आणि वेचणी करणाऱ्यांच्या प्रजनन आरोग्याचा अभ्यास व्हावा, असा ठराव करून तो कृषी विद्यापीठ आणि वैद्यकीय महाविद्यालय या दोघांना पाठवावा. जूनमध्ये पेरण्या सुरू होतात, त्यामुळे तो ठराव मार्च-एप्रिलमध्येच व्हायला हवा.